भाग सतरावा

रुवीत दहा वाजतात तेव्हा देवरुखात साडेअकरा,
दोह्यात अजून नऊच.
दहाला लावायची असं तिघींचं ठरलेलं, ज्या त्या घड्याळाप्रमाणे.
म्हणून निमा आधी रडते, मग मी,
अक्काचं रडणं सगळ्यात शेवटी पोहोचतं,
तेही भांडी झाल्यावर.

मालिका कोरियन. तीन बहिणी, तीन नवरे,
एक खानावळ, तिच्या परसात
लोणच्याचे रांजण, झाकणांवर बर्फ.
बर्फातलं मला काही कळत नाही.
माझ्या खिडकीत बोडके काळे डोंगर
आणि एसीच्या ठिबकणाऱ्या पाण्याखाली गंजलेली बादली.
रांजण मात्र कळतात.
काय काय मुरवत ठेवता येतं, तेही.

थोरलीच्या नवऱ्याचं दुसरं घर आहे.
मधलीचा हात उचलतो,
मग सफरचंद सोलून तिच्या पुढ्यात ठेवतो.
धाकटीचा काहीच करत नाही.
खरंच काही नाही.
जेवतो, चपला भिंतीशी नीट लावतो, झोपतो.
तिच्यावर अजून कोणी एक अख्खा भाग खर्च केलेला नाही.

आमच्याकडे क्रम तसा नाही.
मधलीचं ते सफरचंद आमच्यात थोरलीच्या वाट्याला आलं.
धाकटीचं तेवढं जुळतं.

तिकडेही वडिलांना आप्पाच म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.
मोठ्या बहिणीला म्हणतात उन्नी.
निमा म्हणाली, मला बाई उणीच ऐकू येतं.
अक्का हसली.
फोनवर तिचं हसणं अर्धंच येतं,
भाऊजी खोलीत असतात.

कुणीतरी खोलीत असतंच.
म्हणून आम्ही मालिकेबद्दल बोलतो.

मधली कशी आहे आज?
बरी आहे. गळाबंद घालून बाजारात गेली.
एवढ्या उन्हाची?
अगं, तिकडे बर्फ आहे ना.

दोह्यात त्या दिवशी बेचाळीस होतं.

सरांचा फोन आला की हे सोहारला जातात,
नाही आला की सोफ्यावर.
मागून जाताना एकदा म्हणाले,
अजून रडतातच आहेत का त्या?
मी म्हटलं, हो. आणि आवाज कमी केला.

सोळा भाग होते. गुरुवारी संपली.
नवरे बर्फात गुडघ्यांवर बसले,
बहिणींनी एकाच भांड्यातून शेवया खाल्ल्या,
पडद्यावर नावं वर सरकत गेली, मला न वाचता येणारी.
निमा भडकली.
गुडघे टेकले की झालं?
मग आपण काय सोळा आठवडे उगीच जागलो?
अक्का काहीच बोलली नाही.

शुक्रवारी पहाटे, अजानीच्या आधी,
तिचा आवाज. अठ्ठावीस सेकंदं.
मागे लिफ्टची घंटी.

चारू, सतरावा पाहिलास का?
मधली निघाली गं.
पासपोर्ट तांदळाच्या डब्यात होता, तिला ठाऊकच होतं.
आईची पाटली घेतली, बाकी काही नाही.
सफरचंद तसंच बशीत, काळं पडायला लागलेलं.
धाकटीच्या गावी उतरते, सव्वाअकराला.

मी तीनदा ऐकलं.
चौथ्यांदा फक्त लिफ्ट ऐकली.

हे दाराशी चपला लावत होते, टाचा भिंतीला.
म्हटलं, गाडी काढा. सीबला जायचंय, विमानतळावर.
का?
लग्नाला अकरा वर्षं झाली,
यांनी का असं विचारलेलं मला आठवत नाही,
त्यामुळे उत्तर तयार नव्हतं.
हातात किल्ली, ती यांच्यापुढे धरून
मी तशीच उभी.

तेवढ्यात देवरुखहून निमाचं अक्षर उजळलं.
मी आधीच रडून घेतलंय.
तुम्ही दोघी नका.
तिला आधी जेवू घाल.